गंधकाचा फोटो

माझ्या थोरल्या बहिणीच्या धाकट्या दिरांइतका गंधकावर जीव टाकणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात झाला नसेल. मराठवाड्याबाहेर मी फारशी गेलेली नसल्यामुळे तिथली खात्री मला देता येत नाही. इतरांना गंधक ठाऊक असतो तो फटाक्यातला, काडेपेटीतला, फार तर खरजेच्या मलमातला. भाऊजींना (ताई त्यांना भाऊजी म्हणे, म्हणून मीही तेच म्हणू लागले) तो कांद्यात दिसे, हिंगात दिसे, माणसाच्या केसांत आणि नखांत दिसे. ताईने फोडणीत हिंग टाकला की बाहेरच्या खोलीतून "आला!" असा आवाज येई आणि नवख्या पाहुण्याला वाटे की दाराशी कोणीतरी आले आहे. कोणाच्या घरी गेले की भाऊजी खुशाली विचारण्याआधी पाणी मागत. पण पीत नसत. पेला नाकाजवळ नेऊन डोळे मिटत आणि मग निराश होऊन म्हणत, "चांगलं हाय पाणी." ज्याच्या विहिरीच्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतो तो माणूस त्यांच्या लेखी भाग्यवान. अशाच एका विहिरीचा गाळ बरणीत भरून ते येत असताना कंडक्टरने त्यांना बरणीसकट देवगाव फाट्यावर उतरवून दिले होते. तो प्रसंग ते कुरकुर न करता, उलट कंडक्टरच्या नाकाचे कौतुक करीत सांगत.

मी बी.एड.साठी परभणीला ताईकडे राहिले, ते विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीचे दिवस होते. सकाळी निघालेली एसटी संध्याकाळी परत येईलच असे कोणी सांगू शकत नसे आणि चौकाचौकांत त्या एकाच विषयावर आवाज चढलेले असत. भाऊजींना कोणी त्याबद्दल छेडले तर ते म्हणत, "नाव द्यायलाच पायजे. त्यात इचारायचं काय?" आणि पुन्हा हातातल्या बाटलीकडे वळत. ते शेतकी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. लग्न केलेले नव्हते. घरात ताई, माझे मेहुणे, भाऊजी आणि ताईच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे माय म्हणत असू. मी शिक्षिका होणार म्हणून भाऊजी मला पहिल्या दिवसापासून "मास्तरीणबाई" म्हणू लागले आणि शिकवण्याचा सराव व्हावा या सबबीखाली त्यांनी स्वतःच मला शिकवायला सुरुवात केली.

त्यांचे सगळे वेड एका जिवाणूभोवती फिरत होते. "आपण भाकरी खातो," ते म्हणत, "ती पोटात हळूहळू जळती आणि त्या जळण्यावर आपण चालतो, बोलतो, भांडतो. हा गडी गंधक जाळतो. धूर न्हाई, जाळ न्हाई. गंधकातनं एकेक इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा, त्याच्यावर पोट भरायचं आणि उरलेलं आम्ल बाहेर टाकून द्यायचं. लय नीटनेटका संसार." हे काम करणारे विकर, म्हणजे जिवाणूच्या पोटातले कारागीर, एकट्याने काम करीत नाहीत, त्यांची टोळी असते, हे परदेशातल्या लोकांनी तोवर शोधून काढले होते. पण ती प्रथिने दिसतात कशी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. भाऊजींचा एक अंदाज होता. टोळीतले एक प्रथिन स्वतः काहीच करीत नसावे. ते गंधकाला नुसते धरून ठेवत असावे आणि एका कारागिराकडून दुसऱ्याकडे नेत असावे. एकाने लोखंडाच्या अणूच्या मदतीने गंधक त्याच्या हाती अडकवायचा, दुसऱ्याने पाण्याच्या साहाय्याने त्यातला तुकडा तोडायचा, आणि धरणाऱ्याने मधल्या काळात तो सोडायचा नाही. हा अंदाज खरा की खोटा, हे त्या प्रथिनाचे रूप दिसल्याशिवाय कळणार नव्हते. आयुष्यात त्यांना एवढेच पाहायचे होते.

हा सिद्धान्त त्यांनी मला पाटीवर समजावला. पण सोनपेठच्या एका लग्नात तो त्यांनी भर मांडवात समजावला होता, असे ताई सांगे. चुलत पुतणीचे लग्न होते. नव्या व्याह्यांनी पंगतीपूर्वी सहज, केवळ सौजन्यापोटी विचारले, "सर, आपलं संशोधन कशावर चाललंय?" तेवढे पुरले. भाऊजींनी "आज्ञा असावी" म्हणून व्याह्यांच्या डोक्यावरचा फेटा अलगद उचलला आणि उलगडायला घेतला. प्रथिन म्हणजे हे असे लांबच लांब कापड. ते सुटे असताना काही कामाचे नाही. त्याला पीळ पडतात, घड्या बसतात, तेव्हाच त्याला रूप येते. आणि हा जो मागे मोकळा लोंबतो तो शेमला. आपल्या प्रथिनालाही असाच एक मोकळा शेमला असणार आणि गंधक त्याच्या टोकाला बांधलेला असणार. कापडाचे एक टोक भाऊजींच्या हातात आणि दुसरे मांडवाच्या खांबापाशी गेले तेव्हा बोडक्या डोक्याचे व्याही लालबुंद झाले होते. वरपक्षाकडून कोणीतरी ओरडले, "ओ सर, सोडला तसा बांधून तरी द्या की!" भाऊजींनी कापडाकडे पाहिले आणि प्रांजळपणे सांगितले, "उलगडता येतो. घडी कशी बसती ते अजून कुणालाच समजलं न्हाई. तोच तर प्रश्न हाय." माझ्या मेहुण्यांनी हातापाया पडून प्रकरण मिटवले. पुढे कितीतरी लग्नांच्या आमंत्रणांवर भाऊजींचे नाव तेवढे राहून जाई.

त्यांचे स्वतःचे लग्न राहिले तेही याच जिवाणूपायी. मायच्या हट्टाखातर ते एकदाच मुलगी पाहायला गंगाखेडला गेले. मुलीचे वडील साखर कारखान्यात नोकरीला होते. चहा झाला, मुलगी येऊन बसली, आणि भाऊजींनी तिच्याकडे न पाहता खिडकीकडे मान वळवली. वारा कारखान्याच्या नाल्यावरून येत होता. "हा वास रोजचाच का?" त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारले. ते गृहस्थ ओशाळून म्हणाले, "तेवढी एक अडचण हाय बघा. पर दार लावून घेतलं की जाणवत न्हाई." भाऊजी उठले ते सरळ नाल्यावर गेले आणि साचलेल्या पाण्यावरची पांढुरकी साय बाटलीत भरून घेऊन आले. परत येऊन त्यांनी हात धुतले आणि अतिशय समाधानाने सांगितले, "आपल्याला पसंत हाय." ते कशाबद्दल बोलत होते ते सर्वांना कळले. मुलीच्या वडिलांनी नंतर निरोप पाठवला की आम्हाला जावई पाहिजे, म्युन्शिपाल्टीचा माणूस नको. माय दोन दिवस जेवल्या नाहीत. भाऊजींच्या बाटलीत मात्र त्यांना हवा होता तो जिवाणू सापडला.

त्या जिवाणूला पोसण्यासाठी त्यांना जो क्षार लागे, तो फोटो धुणारे लोक 'हायपो' म्हणून वापरतात. कॉलेजकडून तो वेळेवर येत नसे, म्हणून भाऊजी बाजारातल्या एका फोटो स्टुडिओतून तो घेऊ लागले. स्टुडिओचे मालक अदबशीर मुसलमान गृहस्थ होते. इतका हायपो नेणाऱ्या माणसाने गावात कुठेतरी दुसरा स्टुडिओ काढला आहे आणि तो आपल्याहून जास्त चालतो, याबद्दल त्यांची खात्री पटली होती. ते एकदा घरी येऊन बसले. "सर, धंद्याचं काय न्हाई, वो नसीब की बात हाय," ते म्हणाले. "पर एवढी गिऱ्हाइकं कुठनं आणायलाव, तेवढं तर सांगा." भाऊजींनी त्यांना आत नेऊन काचेच्या चंबूतले गढूळ पाणी दाखवले. "ही आमची गिऱ्हाइकं." मालकांनी बराच वेळ पाहिले. जाताना ताईला हळूच म्हणाले, "भाभी, सरांची तब्येत जपा." पण त्यानंतर हायपोचा भाव त्यांनी निम्मा केला.

कॉलेजातले शीतकपाट वरचेवर बंद पडे, म्हणून भाऊजींनी पगारातून घरी फ्रीज आणला. आमच्या गल्लीतला तो पहिला फ्रीज. पण त्यातून गल्लीत कधी कोणाला बर्फाचा खडा मिळाला नाही. त्यात फक्त त्यांच्या कुप्या आणि त्यांच्या आधाराने कोपऱ्यात मायचे विरजण. शेजारच्या काकू येता-जाता म्हणत, "फिरीज हाय, पर थंड पाणी न्हाई. बँकेत पैसा आन् घरात उपास!" त्या फ्रीजमध्ये त्यांना त्या प्रथिनाचे स्फटिक वाढवायचे होते. प्रथिन शुद्ध करून, त्याचा थेंब काचेच्या झाकणाला उलटा टांगून, खाली खारे पाणी ठेवायचे. थेंबातले पाणी हळूहळू उडते, प्रथिनाचे कण दाटीवाटीने रांगेत बसतात आणि नशीब असेल तर स्फटिक होतो. त्यावर क्ष-किरण सोडले म्हणजे किरण कसे विखुरतात त्यावरून प्रथिनाचे रूप ओळखता येते. त्यासाठी लागे तो क्षार म्हणजे अमोनियम सल्फेट, शेतकऱ्यांचे नेहमीचे खत. "लोक याच्यावर ऊस वाढवतात, मी खडीसाखर वाढवायलो," असे ते म्हणत.

स्फटिकाला थंडी लागते आणि स्थैर्य लागते. परभणीचा उन्हाळा आणि विजेची ये-जा यांमुळे पहिले सगळे प्रयत्न वाया गेले. जे काही होई ते हिवाळ्यातच होई. त्या दिवसांत फ्रीजच्या भिंतीला लागून खलबत्ता वाजवायला बंदी होती. ताई शेंगदाण्याची चटणी कुटायला शेजारच्या काकूंकडे जाई आणि निम्मी चटणी तिथेच ठेवून येई. फ्रीजपुढून सर्वांनी चवड्यांवर चालायचे. एकदा माझे मेहुणे जोरात शिंकले तेव्हा भाऊजींनी त्यांच्याकडे असे पाहिले की ते बिचारे पुढची शिंक द्यायला अंगणात गेले.

आणि एका हिवाळ्यात स्फटिक झाले. भाऊजींनी भिंगातून सर्वांत आधी दाखवले ते मायला. माय वाकल्या, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बया, खरंच खडीसाखर हाय की!" आणि त्यांनी कुपीला हात जोडले. मग मला दाखवले. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, कडा धारदार, आत उजेड भरलेला. मी साहित्याची विद्यार्थिनी. मला त्यातले काही कळत नव्हते. पण माझा श्वास कुपीवर पडू नये म्हणून भाऊजींनी तळहाताचा आडोसा धरला होता, तेवढे कळले.

हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत भाऊजींचे जुने सहाध्यायी होते. क्ष-किरणांचे यंत्र तिथे होते. पण त्यावर पाळी लागे. मोठ्या खटपटीने पाळी मिळाली आणि नेमका त्या दिवशी बंद पुकारला गेला. गाड्या जागच्या जागी थांबल्या. सहाध्याय्यांनी पुन्हा एकदा दुसऱ्या कोणाची तरी पाळी काढून भाऊजींना दिली आणि कळवले की यापुढे मला जमणार नाही. तो दिवस रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी येत होता, म्हणून रथसप्तमीला सकाळच्या गाडीने निघायचे ठरले. मलाही त्याच गाडीने नांदेडला जायचे होते. भाऊजींनी पहाटेच रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात कुप्या ठेवल्या, झाकण लावले, आणि ते आंघोळीला गेले.

रथसप्तमीला आमच्याकडे अंगणात सूर्याचा रथ काढतात आणि गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवून ते सूर्याकडे उतू जाऊ देतात. मायने सगळे सोवळ्यात केले होते. आंघोळ करून भाऊजी बाहेर आले, तेव्हा माय अंगणात रांगोळीपाशी बसल्या होत्या. दूध उतू गेले होते. विस्तवाला लागूनच तांब्याचे ताम्हण होते आणि त्यात, कोवळ्या उन्हात, कोरड्या पुसून ओळीने ठेवलेल्या कुप्या. प्रत्येक कुपीला हळदीकुंकवाचे बोट लावलेले. माय समाधानाने म्हणाल्या, "घरातनं पहिल्यांदाच तुझं कायतरी एवढं लांब चाललंय, लेकरा. तसंच कसं पाठवायचं? सूर्यनारायणाला दाखवलं. आता काय काळजी न्हाई बघ."

मी दारात उभी होते. भाऊजी ताम्हणाशी बसले. त्यांनी एक कुपी उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली. मग सगळ्या परत बर्फात ठेवून त्यांनी झाकण लावले. "बरं केलंस, माय," ते म्हणाले. मायने त्यांच्या तळहातावर दही-साखर घातली. ती त्यांनी खाल्ली, वाकून नमस्कार केला आणि आम्ही स्टेशनवर गेलो.

गाडी पूर्णेच्या पुढे जाईपर्यंत मला विचारण्याचा धीर झाला नाही. थर्मास त्यांच्या मांडीवर होता आणि तो हलू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता.

"भाऊजी, स्फटिक बरे आहेत ना?"

"विरघळले."

"सगळे?"

"सगळे. ऊन लागलं, वरून विस्तवाची धग. नुसतं पाणी झालंय."

"मग आपण निघालो कशाला? घरीच थांबायचं."

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. ज्वारीची हिरवी कणसे भरत आलेली होती. "दही खाऊन माघारी फिरलो असतो, तर मायनं इचारलं असतं, का फिरलास म्हणून. काय सांगायचं मग? तुझा हात लागला म्हणून?" मग म्हणाले, "ती रोज देवापुढं बसायलीय या खड्यांसाठी. कुणी केलं न्हाई एवढं."

"पुन्हा वाढवता येतील."

"येतील की," ते इतक्या सहज म्हणाले की मला ते खरे वाटले.

हैदराबादला सहाध्याय्यांनी कुप्या पाहिल्या, कुंकवाची बोटे पाहिली आणि विचारले, "हे काय?" भाऊजी म्हणाले, "आमच्याकडं पद्धत हाय." सहाध्याय्यांनी कुप्या उजेडात धरल्या, खाली ठेवल्या आणि चहा मागवला. हे भाऊजींनीच मला नंतर सांगितले. घरी परतल्यावर मायला मात्र त्यांनी सांगितले की खडे सर्वांना फार आवडले, फोटो काढला, चांगला येणार आहे म्हणाले. मायने ही वार्ता गल्लीभर पोचवली. माझ्या लेकराच्या खड्यांचा हैदराबादला फोटू निघाला, सूर्यनारायण पावला. स्टुडिओच्या मालकांनी पेढे पाठवले.

त्या उन्हाळ्यात वीज दिवसदिवस गेली आणि फ्रीजमधला प्रथिनाचा साठा नासला. पुढच्या हिवाळ्याआधीच कॉलेजाने भाऊजींना कालव्याखालच्या चोपण जमिनींच्या कामावर नेमले. पाणी आले, क्षार वर आले, काळी जमीन पांढरी पडू लागली होती. तिच्यात गंधक टाकायचा, जिवाणू त्याचे आम्ल करतात, जमीन सुटते. काम उपयोगाचे होते आणि भाऊजींनी ते मनापासून केले. गंधकाची पोती घेऊन ते गावोगाव हिंडले. शेतकरी म्हणत, "सर, वास तर आला, पीक कवा येणार?" आणि ते बांधावर बसून जिवाणूचा संसार समजावून सांगत. अंदाजाचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. त्यांच्यासारख्या माणसाने हट्ट करायला हवा होता, असे मला कित्येकदा वाटले. पण हट्ट हा प्रकारच त्यांच्यात नव्हता. जे काही होते ते सगळे कौतुकच होते.

मायला मात्र फोटोचा विसर पडला नाही. दर रथसप्तमीला दूध उतू गेले की त्या विचारत, "फोटू आला का रे?" "येईल, माय. लय मोठा फोटो हाय. धुवायला वेळ लागतो," असे ते म्हणत. नामांतराचा प्रश्न शेवटी सुटला, त्याच्या आदल्या पावसाळ्यात माय गेल्या. शेवटच्या दुखण्यातही एकदा त्यांनी विचारलेच, आणि भाऊजींनी तेच उत्तर दिले.

त्यानंतर पुष्कळ वर्षे लोटली. मी नोकरीतून मोकळी होत आले होते, भाऊजी केव्हाच झाले होते. एके दिवशी दुपारी ते एसटीने नांदेडला माझ्या घरी आले. पिशवीतून त्यांनी एका परदेशी नियतकालिकातल्या लेखाची छापील प्रत काढली आणि टेबलावर पसरली. पानावर त्यांच्या प्रथिनाचे चित्र होते, रंगीत फितींची गुंतवळ. त्यांनी चष्मा पुसला आणि एका टोकावर बोट ठेवले. सगळी घडी घट्ट आणि तेवढेच एक टोक मोकळे. त्या टोकाशी गंधक धरणारी जागा.

"तुमचंच खरं निघालं की, भाऊजी!" मी म्हणाले.

"मी अंदाज केला होता. यांनी बघितलं," ते म्हणाले. मग ते चित्र काढणाऱ्या सर्वांची नावे त्यांनी एकेक करून, उच्चार चुकू नये म्हणून अडखळत, मोठ्याने वाचली. जणू आपल्या घरच्या कार्याला येऊन गेलेल्या माणसांची. मी चहा ठेवायला उठले.

"माय फोटू फोटू करत गेली," ते चित्राकडे पाहत म्हणाले. "इतकी वर्षं वाटायचं, तिला खोटं सांगितलं. तसं न्हाई म्हणायचं, मास्तरीणबाई. नुसतं लवकर सांगितलं."

चहा त्यांनी अर्धाच घेतला. परतीची गाडी चुकेल म्हणाले. प्रतीची घडी करून पिशवीत ठेवते म्हटले, तर त्यांनी हाताने नको म्हटले. ऊन बरेच होते आणि रस्त्यावर गर्दी होती. ते पान दोन्ही तळहातांवर सपाट धरून, कोणाचा धक्का लागू न देता, ते बसस्टँडकडे हळूहळू चालत गेले.